मांडीतला पू: दादाच्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत, आणि त्यानंतर

माझ्या मोठ्या भावाची किडनी सहा वर्षांपूर्वी बदलली. तेव्हापासून तो रोज तीन औषधं घेतो: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोनची छोटी गोळी. तिन्हींचं काम एकच, आत बसवलेली किडनी परकी आहे म्हणून शरीराने तिच्यावर तुटून पडू नये. २०२५च्या फेब्रुवारीत त्याच्या उजव्या मांडीच्या स्नायूत पू झाला. या आजाराला पायोमायोसायटिस म्हणतात. हे नाव आमच्या कानावर पडायला दहा दिवस लागले आणि त्यातून बाहेर पडायला आणखी सात आठवडे.

त्या दिवसांत मी रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून फोनवर वाचत असे. जे मिळायचं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर अंगदुखीवरचे उपाय. घरच्या माणसाने लिहिलेलं काही मिळालं नाही. म्हणून वही उघडून लिहिते आहे. तारखा आणि आकडे वहीतलेच आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं येतील ती दादाला काय दिलं आणि का दिलं, एवढं सांगण्यासाठी.

२५ जानेवारीला कपाट सरकवताना त्याच्या मांडीला कोपरा लागला. काळंनिळं झालं, चार दिवसांत गेलं, आम्ही विसरलो. २ फेब्रुवारीला सकाळी उठला तर तिथेच, गुडघ्याच्या वीतभर वर, बाहेरच्या अंगाला दुखत होतं. अवघडलं असेल असं वाटलं. संध्याकाळी तो जिना एकेक पायरी धरून उतरत होता. दुसऱ्या दिवशी वहिनीला मांडीला हात लावू देईना.

तेव्हा मी एक गोष्ट पाहिली, पण तिचा अर्थ मला लागला नाही. पाय नुसता भरून आलेला माणूस तळहात फिरवून दाखवतो, ‘इथून इथपर्यंत’. दादा एका बोटाने जागा दाखवत होता. वरची कातडी नेहमीसारखी होती, ना लाल, ना गरम. पण बोटाखाली स्नायू लाकडासारखा कडक लागत होता. पुढे कळलं की हा संसर्ग स्नायूच्या आत खोल असल्यामुळे सुरुवातीला कातडीवर काहीच दिसत नाही.

४ फेब्रुवारीला नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. मार लागल्याचं सांगितलं, ताप नव्हता, त्यांनी स्नायू ताणल्याचं निदान केलं. विश्रांती, शेक, पॅरासिटामॉल. सोबत दुखण्याची एक तेज गोळीही लिहिली होती. ती दादाने घेतली नाही, कारण डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या बदललेल्या किडनीला चालत नाहीत हे त्याला पाठ आहे. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. असा पाय घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा स्नायू खरंच ताणलेला असतो. पण आम्ही तिथे बसल्यावर ‘याची किडनी बदललेली आहे’ हे वाक्य तिसऱ्या मिनिटाला बोललो, आणि तेही गोळी नाकारताना. ते पहिलं वाक्य असायला हवं होतं.

दादा रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहितो. प्रत्यारोपणानंतर लागलेली सवय. ५ तारखेला ९८.९, ६ला सकाळी ९९.१, संध्याकाळी ९९.४. आम्हाला त्यात काही वाटलं नाही. वहिनीने सहज म्हणून प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयक सिस्टरना फोन केला तर त्या म्हणाल्या, “९९.४ हा तुमच्या-माझ्यासाठी ताप नाही. ह्यांच्यासाठी आहे. प्रेडनिसोलोन चालू असताना ताप चढूच शकत नाही नीट. उद्या या.”

शरीराला संसर्ग झाला की ते ताप आणतं, सूज आणतं, पांढऱ्या पेशी वाढवतं. यातलं बरंचसं प्रतिकारशक्तीचंच काम असतं आणि दादाची तीच औषधांनी दाबलेली. म्हणजे आग लागली तरी धूर कमी. त्या फोननंतर मी ‘फारसं काही दिसत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवणं सोडलं. या सगळ्या अनुभवातून कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

७ तारखेला केंद्रात तपासलं. पाय सुजला आहे, एका बाजूचाच आहे, तेव्हा आधी शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे पाहायचं ठरलं. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त नीट वाहतंय का ते पाहणारी सोनोग्राफी, झालं. गुठळी नव्हती. आम्ही सुटल्यासारखे घरी आलो. रिपोर्ट मी रात्री नीट वाचला: उजव्या पायाच्या शिरांची तपासणी, गुठळी आढळली नाही. स्नायूबद्दल एक अक्षर नव्हतं. करणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठीवर जे विचारलं त्याचं त्यांनी उत्तर दिलं होतं. म्हणून सांगते, तपासणीची चिठ्ठी हातात पडली की तिच्यावर काय विचारलंय ते वाचा आणि ‘स्नायूतही पाहायला सांगाल का’ असं लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा. अर्थात पहिल्या काही दिवसांत स्नायूला नुसती सूज असते, पू धरलेला नसतो, आणि सोनोग्राफीत तेव्हा काहीच दिसलं नाही असंही होतं. त्यामुळे सुरुवातीची चांगली सोनोग्राफी हा शेवटचा शब्द नाही.

एमआरआय सांगितला होता. त्याची तारीख मिळाली १२ फेब्रुवारी. विम्याच्या पूर्वमंजुरीचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण ‘कारण’ या रकान्यात फक्त ‘पाय दुखणे’ लिहिलं होतं. ८ आणि ९ तारीख शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत आम्ही काही करू शकलो नाही आणि दादा कूस बदलतानाही कण्हत होता. सोमवारी सकाळी नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, स्वतः दोन ओळी लिहून दिल्या: प्रतिकारशक्ती दाबलेला रुग्ण, स्नायूत जंतुसंसर्गाची शंका, तातडीचे. मंजुरी दुपारी आली. कागदावर आजाराचा संशय आणि रुग्णाचा धोका या दोन्ही गोष्टी हव्यात, हे मी तिथे शिकले.

पण त्याच रात्री, १० फेब्रुवारीला, दादाला हुडहुडी भरली. ताप १०१.२. आम्ही तातडीच्या विभागात गेलो. या वेळी मी दारातच सांगितलं: किडनी बदललेली आहे, ही तीन औषधं चालू आहेत, एका मांडीत नऊ दिवसांचं दुखणं आहे, आता थंडी वाजून ताप. आतमध्ये घ्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

पहिलं काम त्यांनी केलं ते रक्ताच्या कल्चरचं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का ते पाहण्याचं. दोन वेगळ्या जागांवरून, दोन जोड बाटल्या, आणि ॲन्टिबायोटिक त्यानंतर. मला तेव्हा तो उशीर वाटला, औषध द्यायचं सोडून रक्त काय काढताहेत असं झालं. खरं तर दहा मिनिटांचं काम होतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्या बाटल्यांवर आणि नंतर पुवावर उभे राहिले. औषध आधी गेलं की जंतू बऱ्याचदा बाटलीत वाढत नाही, आणि कुठल्या जंतूशी लढतोय ते कळणं अवघड होतं. (ज्याचा रक्तदाब खाली गेलाय त्याच्यासाठी मात्र कुणी थांबत नाही, आणि थांबूही नये.)

पांढऱ्या पेशी ९,८००, म्हणजे नॉर्मल. सीआरपी, म्हणजे संसर्ग किंवा दाह असला की रक्तात वाढणारा घटक, १८६, जे एरवी दहाच्या खाली असायला हवं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा आकडा, १.४चं १.९ झालेलं. आणि सीके, म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, ११२, नॉर्मल. मी निवासी डॉक्टरांना विचारलं, स्नायूचा आजार असेल तर स्नायूची तपासणी बरोबर कशी? ते म्हणाले, या आजारात सीके बऱ्याचदा नॉर्मल किंवा किंचित वाढलेलंच असतं, त्यावरून हा आजार नाही असं म्हणता येत नाही. ‘पायोमायोसायटिस’ हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. कागदावर लिहून घेतला.

व्हॅन्कोमायसिन हे ॲन्टिबायोटिक सुरू झालं, आणि जोडीला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे दुसरं. पहाटे नेफ्रॉलॉजिस्टचा फोन आला आणि दुसरं औषध बदलून मेरोपेनेम केलं, कारण व्हॅन्कोमायसिन आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही जोडी क्रिएटिनिन वाढवण्यासाठी ओळखली जाते आणि टॅक्रोलिमसही किडनीवर ताण देणारं औषध. इतकी मोठी दोन औषधं कशाला, हेही विचारलं. स्नायूतल्या पुवाचं सर्वांत नेहमीचं कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांमध्ये आतड्यातले ई. कोलाय, क्लेब्सिएलासारखे जंतूही सापडतात, म्हणून जंतू कळेपर्यंत दोन्ही बाजू झाकाव्या लागतात.

११ तारखेला रात्री साडेदहाला एमआरआय झाला. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर रेडिओलॉजिस्ट आणि नेफ्रॉलॉजिस्ट यांचं बोलणं झालं, क्रिएटिनिनवरून किडनीचं काम किती आहे ते मोजलं, आणि संमतीपत्रावर सही घेऊन कमी धोक्याच्या प्रकारातलं दिलं. आत पाऊण तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं. दादाला ते अशक्य होतं. आधी वेदनाशामक इंजेक्शन मागून घ्या, ते देतात. चित्रात मांडीच्या बाहेरच्या मोठ्या स्नायूत सहा सेंटिमीटर लांब पुवाची पिशवी, तिच्याभोवती उजळ कड, आजूबाजूचा सगळा स्नायू सुजलेला. हाड स्वच्छ, गुडघ्याचा सांधा स्वच्छ. रेडिओलॉजिस्टनी हाड आणि सांध्याचं दोनदा सांगितलं तेव्हा ती किती मोठी गोष्ट आहे ते मला कळलं नव्हतं. हाडात गेला असता तर सगळं गणित बदललं असतं.

नाव मिळालं त्या रात्री मी रडले. दहा दिवस तो ‘दुखतंय’ म्हणत होता आणि आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी त्याला ‘जरा सहन कर’ म्हटलं होतं.

१२ला सोनोग्राफीखाली सुई घालून नळी बसवली. जागा बधिर करून, वीस-पंचवीस मिनिटांत. साठ मिलिलिटर पू निघाला, घट्ट, पिवळा. इथे एक प्रश्न विचारायला मला संसर्गतज्ज्ञांनीच शिकवलं: “नमुना कशाकशासाठी पाठवलाय?” प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात नेहमीच्या कल्चरवर भागत नाही. बुरशी, क्षयरोगाचे जंतू, नोकार्डिया नावाचे हळू वाढणारे जंतू यांच्यासाठी वेगळं सांगावं लागतं, काही कल्चर कित्येक आठवडे ठेवावी लागतात, आणि चिठ्ठीवर नसेल तर प्रयोगशाळा नेहमीची मुदत संपली की बाटल्या टाकून देते. दादाच्या पुवाचे चार नमुने चार चिठ्ठ्यांसह गेले. नळीला लावलेल्या पिशवीतला पू नंतर पाठवण्यात अर्थ नसतो, त्यात बाहेरचे जंतू वाढतात. पहिल्या सुईतला तोच खरा.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखालचा निरोप आला, द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू. स्टॅफिलोकॉकस या नावातच तो द्राक्षांचा घड आहे, ग्रीकमधला. १३ला रक्ताच्या दोन जोडांपैकी एकात तोच वाढला.

दादाने त्या दिवशी निवासी डॉक्टरांना विचारलं, “सगळं अंग सोडून मांडीतच का?” ते खरंच खुर्ची ओढून बसले. निरोगी स्नायूत जंतू सहसा टिकत नाहीत, म्हणाले. त्याचं एक कारण असं मानतात की जंतूला वाढायला लोह लागतं आणि स्नायूतलं लोह मायोग्लोबिनने धरून ठेवलेलं असतं. १९०४ साली मियाके नावाच्या जपानी शल्यचिकित्सकाने सशांच्या रक्तात हे जंतू सोडून पाहिलं, नुसते सोडून स्नायूत गळवं झाली नाहीत. ज्या सशांचा स्नायू आधी चिरडून किंवा अन्य रीतीने दुखावला होता, त्यांच्यातल्या अनेकांना झाली. कपाटाचा कोपरा आणि कुठल्यातरी क्षणी रक्तात शिरलेले जंतू, दोन्ही गाठ पडली असावी. त्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधी, १८८५ साली, टोकियोत शिकवणाऱ्या स्क्रिबा या जर्मन शल्यचिकित्सकाने हा आजार लिहून ठेवला होता. उष्ण प्रदेशातला आजार म्हणून तो ओळखला गेला, पण आता मधुमेह, एचआयव्ही, केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये तो कुठेही दिसतो. दादाला हे ऐकून बरं वाटलं. आपण काहीतरी चुकीचं वागलो म्हणून हे झालं, असं तो मनात घेऊन बसला होता.

शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या, रक्ताच्या कर्करोगावर केमो चालू असलेल्या. त्यांची पोटरी दुखत होती आणि एमआरआयमध्ये सूज होती, पण पू नव्हता. पू हा बहुतांशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा बनतो आणि त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिलच उरले नव्हते. त्यांच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून कल्चरला पाठवला तेव्हा ई. कोलाय निघाला. एकाच वॉर्डात, एकाच नावाचा आजार, आणि उपचार किती वेगळे. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावरून, माझ्याही, आपल्या माणसाचं औषध ठरवू नका.

सर्जन रोज दोनदा येऊन मांडी दाबून पाहत, कातडीचा रंग बघत, पेनाने खूण करून जात. ते कशासाठी, हे वहिनीने विचारलं. काही संसर्ग, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकसचे, स्नायू आणि त्यावरचं आवरण तासातासाने मारत पसरतात. दिसतं त्याच्या कितीतरी पट दुखणं, कातडी जांभळी-काळी पडणं, फोड येणं, माणूस बरळायला लागणं, यातलं काही दिसलं तर तारखा आणि मंजुऱ्यांची वाट पाहायची नाही, त्याच तासाला शस्त्रक्रिया लागते. दादाचं तसं नव्हतं. पण घरी असतानाच्या त्या शनिवार-रविवारी हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

१४ला संवेदनशीलतेचा, म्हणजे जंतू कोणत्या औषधांना दबतो याचा, रिपोर्ट आला आणि व्हॅन्कोमायसिन, मेरोपेनेम दोन्ही बंद करून सेफाझोलिन सुरू केलं. आम्ही घाबरलो. मोठी दोन औषधं काढून एक जुनं, साधं? संसर्गतज्ज्ञ म्हणाल्या, हा जंतू मेथिसिलिन या ॲन्टिबायोटिकच्या जातीला दबणारा आहे, आणि अशा जंतूवर सेफाझोलिन व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं, शिवाय किडनीला सौम्य. ते ऐकल्यावर मी त्या रिपोर्टची प्रत मागून फाईलच्या पहिल्या पानावर लावली. पुढे ती चार ठिकाणी लागली.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस रक्तात सापडला की तो चुकून बाटलीत पडला असेल असं कुणी मानत नाही. हृदयाच्या झडपांवर बसलाय का ते पाहावं लागतं. आधी छातीवरून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग घशातून नळी घालून. दोन्ही स्वच्छ. रक्ताचं कल्चर १३ला पुन्हा घेतलं, त्यातही जंतू होता. १५च्या कल्चरमध्ये तो नव्हता.

या सगळ्यात एक दुसरी भीती सतत होती. मायकोफेनोलेट पहिल्याच दिवशी थांबवलं होतं, टॅक्रोलिमसचा डोस कमी केला होता. संसर्गाशी लढायला प्रतिकारशक्ती हवी, पण ती जास्त जागी झाली तर शरीर किडनी नाकारेल. प्रेडनिसोलोन मात्र थांबवलं नाही, उलट काही दिवस वाढवलं; अनेक वर्षं घेणाऱ्याचं ते एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. घरच्यांपैकी कुणी स्वतःच्या विचाराने यातली एकही गोळी मागे-पुढे करू नये. रोजच्या टॅक्रोलिमसच्या पातळीचा आकडा यायला संध्याकाळ व्हायची, आणि तोवर आम्ही कुणी नीट बोलत नव्हतो.

१७ फेब्रुवारीला ताप परत आला, १००.८. नळीतून काहीच येत नव्हतं, सीआरपी ९०च्या आसपास अडकलेला. दादा म्हणाला, “बसताना दुखतंय.” आम्हाला वाटलं, पडून पडून अवघडलं. मग माझं मलाच आठवलं की हे वाक्य आपण २ तारखेलाही म्हटलं होतं. मी सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना. १८ला पुन्हा एमआरआय केला, उजव्या कुल्ल्याच्या स्नायूत दुसरी पिशवी. रक्तावाटे आलेला संसर्ग एकाच जागी थांबेल असं नसतं. ही पिशवी आतून कप्प्याकप्प्यांची होती, सुईने रिकामी होण्यासारखी नव्हती, म्हणून १९ला भूल देऊन उघडून साफ केली. जखम शिवली नाही, आतून भरून यायला मोकळी ठेवली. ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास वेदनाशामक द्या असं आम्ही रोज आठवण करून देत होतो. २१पासून ताप नाही.

सहा आठवडे सेफाझोलिन शिरेतून द्यायचं ठरलं. रक्तात जंतू नसता आणि एकच पिशवी असती तर बहुधा याच्या निम्म्यात भागलं असतं. दिवस मोजायला सुरुवात कुठून, हेही विचारून घ्या. आमच्या डॉक्टरांनी दुसरी पिशवी साफ केली तो दिवस पहिला धरला, म्हणून शेवटची तारीख २ एप्रिल.

घरी शिरेतून औषध द्यायचं तर दंडातून आत जाणारी लांब नळी, पिक लाइन, घालतात. वॉर्डातल्या डॉक्टरांनी तसा अर्जही भरला होता. नेफ्रॉलॉजिस्टनी तो खोडला. ज्याची किडनी एकदा गेलेली आहे त्याला पुढेमागे पुन्हा डायलिसिस लागू शकतं, त्यासाठी हाताच्या शिरा जपाव्या लागतात, आणि पिक लाइनने त्या शिरा खराब होऊ शकतात. म्हणून मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून ती छातीवरच्या कातडीखालून बाहेर काढली. किडनीचा जुना आजार असलेल्या कुणाच्याही घरच्यांनी हा प्रश्न सही करण्याआधी विचारावा.

२७ फेब्रुवारीला डिस्चार्ज मिळणार होता, मिळाला २८ला. डिस्चार्ज समरीत आजाराचं नाव ‘मांडीचा मऊ ऊतींचा संसर्ग’ एवढंच लिहिलं होतं. विम्याकडून विचारणा आली की साध्या संसर्गाला अठरा दिवस आणि दोन एमआरआय कशासाठी. पायोमायोसायटिस, रक्तात जंतू, दोन पिशव्या, प्रत्यारोपित रुग्ण, हे चारही मुद्दे लिहून समरी दुरुस्त करून घेतली आणि सोबत कल्चरचा रिपोर्ट जोडला. घरच्या इंजेक्शनांसाठी वेगळी मंजुरी लागली, तिला अकरा दिवस लागले आणि तोवरचा खर्च खिशातून करून पावत्या सांभाळल्या. एकूण खर्चात औषधाचा वाटा कमीच होता. सगळ्यांत मोठा भार होता खाटेचे दिवस, एमआरआय आणि दादाचा बुडालेला पगार. घरी निघण्याआधी एवढं हातात असू द्या: दुरुस्त समरी, संवेदनशीलतेचा रिपोर्ट, चित्रांची सीडी, औषध कोणत्या तारखेपर्यंत, दर आठवड्याला कोणत्या तपासण्या, आणि रात्री फोन कुणाला करायचा.

घरी दर आठ तासांनी इंजेक्शन. वहिनी आणि मी सिस्टरकडून शिकलो: हात धुणं, टोक पुसून पूर्ण वाळू देणं, आधी सलाईन, मग औषध, मग पुन्हा सलाईन. पहिल्या रात्री माझे हात इतके थरथरत होते की दादाच म्हणाला, “सावकाश कर, मी कुठे जात नाही.” सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दर सोमवारी रक्त: पेशी, क्रिएटिनिन, यकृत, टॅक्रोलिमस. नळीच्या जागी लाली किंवा इंजेक्शननंतर थंडी आली तर लगेच फोन, हे फ्रिजवर लिहून लावलं होतं. एकदाच, ९ मार्चला, इंजेक्शननंतर थंडी वाजली. नळीतून आणि हातातून रक्ताचं कल्चर घेतलं, काही निघालं नाही.

मांडी मात्र ओळखू येईना. तीन आठवड्यांत स्नायू उतरून गेला होता आणि गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता. फिजिओथेरपी आम्ही ताप उतरल्या उतरल्या सुरू करायला हवी होती, कुणी सुचवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मार्चच्या मध्यावर मायकोफेनोलेट अर्ध्या डोसने परत सुरू झालं. त्याच सुमारास नाकाचा स्वॅब घेतला. बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकात हाच जंतू मुक्कामाला असतो, दादाच्याही होता. पाच दिवस नाकात मुपिरोसिन मलम आणि अंघोळीला क्लोरहेक्सिडिन, असं सांगितलं.

वहिनीबद्दल एक लिहायचंय. ती सात आठवडे एकदाही माझ्यासमोर खचली नाही, आणि मार्चच्या शेवटी, सोनोग्राफीत दोन्ही जागा बंद झालेल्या दिसल्यावर, पार्किंगमध्ये गाडीला टेकून बराच वेळ उभी राहिली. घरात आजारी माणसाचा ताप सगळे मोजतात. तिच्या जेवणाचं आणि झोपेचं मी फार उशिरा विचारलं.

२ एप्रिलला शेवटचं इंजेक्शन सकाळी सहाचं झालं. दुपारी केंद्रात नळी काढली. सीआरपी ४, क्रिएटिनिन १.५. सिस्टरनी जागा दहा मिनिटं दाबून धरली आणि पट्टी लावली. दादाने विचारलं, “आता तापाची वही बंद करू?” त्या नाही म्हणाल्या. घरी आल्यावर त्याने नवं पान काढलं, तारीख घातली आणि लिहिलं, संध्याकाळ, ९७.८. मग काठी न घेता जिना चढून वर गेला, एका पायरीवर एकच पाऊल ठेवत.